जावयाचं पोट

आधी निकाल सांगून टाकतो. आमच्या दवाखान्यात कुठल्याही माणसाच्या टकलावर मांजराचे केस लावलेले नाहीत, हे सर्वांसमक्ष सिद्ध झालं. आता हे वाक्य विसरा. तसा आरोपच कधी झाला नव्हता, तेव्हा सिद्ध होण्याचा प्रश्न येत नाही. डॉक्टर फेर्रुहनी मला असंच सांगायला सांगितलंय.

इस्तंबूलच्या शिश्ली भागात टकलावर केस लावून देणारे दवाखाने चहाच्या टपऱ्यांइतके आहेत. त्यातल्या एकाच्या काउंटरवर मी बसतो. काउंटरच्या उरलेल्या भागावर जावई बसतो. जावई म्हणजे बोका, तपकिरी-पांढरा. नाव दामात, तुर्कीत अर्थ तोच. काम शून्य, मानपान मोठा, आणि वाढलेल्याला नाक मुरडणार. तो कुणाचा हे कुणी विचारत नाही. त्याला हाकलायचं तर आधी सगळ्या गल्लीला हाकलावं लागेल.

तर या जावयाच्या पोटावर टक्कल पडलं. केस लावायच्या दवाखान्यात टकला बोका म्हणजे कापडाच्या दुकानात उघडा मालक!

जावई दिवसभर पोट चाटायचा आणि चाटता चाटता केस उपटायचा. जनावरांच्या डॉक्टर निलग्युनबाईंनी तपासलं. पिसवा नाहीत, खरूज नाही, बुरशी नाही. म्हणाल्या, याला कसलातरी ताण आहे, कोण छळतंय ते शोधा.

झालं. त्या दिवसापासून दवाखान्यात कुणी कुणाकडे सरळ बघेना. आमचा चहा करणाऱ्या शुक्रानताईंनी मला विचारलं, लहानपणी कधी मांजराच्या शेपटीला डबा बांधला होतास का? मी नाही म्हटलं, तर म्हणाल्या, इतक्या पटकन कसं आठवलं? मला त्यांचाच संशय होता. त्यांची लोकरीची टोपी नवी होती आणि तिचा रंग तपकिरी-पांढरा होता. डॉक्टरांना समोरच्या दवाखान्याचा संशय. ते डोकी तपासायचं भिंग घेऊन खिडकीत उभे राहायचे आणि पलीकडचा पडदा हलला की "हं" म्हणायचे.

अशात जर्मनीतल्या डॉर्टमुंडहून रिदवानभाऊ केस लावून घ्यायला आपले मेहुणे घेऊन आले. त्यातल्या नेवझातचं डोकं पहिल्याच दिवशी झालं. ते पसंत पडलं तर उरलेले सगळे, रिदवानभाऊंसकट, आमचे. मला अजून नोकरीत कायम केलेलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ही मंडळी पळाली तर तूही त्यांच्याबरोबर पळ.

"डॉक्टर, तुम्ही फक्त डोकी बघा," मी म्हणालो. "पोट माझ्याकडे लागलं."

केस लावल्यावर डोकं कुठे टेकू नये म्हणून आम्ही रुग्णाच्या गळ्यात एक फुगीर उशी घालतो. निळी, वर दवाखान्याचं नाव. तसलीच एक मी जावयाच्या गळ्यात चढवली. आता तोंड पोटापर्यंत पोचणारच नाही. मी स्वतःवर इतका खूश झालो की आरशासमोरून दोनदा गेलो.

दुसऱ्या दिवशी रिदवानभाऊ आत आले. सोफ्यावर नेवझात बसला होता. मागून डोकं भादरलेलं, गळ्यात निळी उशी. शेजारी जावई उताणा. पोट भादरल्यासारखं, गळ्यात निळी उशी. दोघांचेही डोळे अर्धवट मिटलेले.

रिदवानभाऊंनी याच्याकडे बघितलं, त्याच्याकडे बघितलं. मग नेवझातच्या टाळूवर लाल ठिपक्यांतून डोकावणारे नवे केस बघितले. तपकिरी, मधूनच पांढरे.

"तुंजाय," ते हळूच मला म्हणाले, "ह्या बोक्याच्या पोटावरचे केस गेले कुठे?"

मला वाटलं, त्यांना स्वच्छतेची काळजी. "निश्चिंत राहा, भाऊ. एकही इकडेतिकडे जाऊ दिलेला नाही, सगळे गोळा केलेत."

नेवझातनं हात डोक्याकडे नेला. डोक्याला हात लावायची मनाई, म्हणून तो हवेतच ठेवला. मग खालच्या आवाजात सांगू लागला की कालपासून रात्री डोळ्याला डोळा नाही आणि दिवसा मात्र सारखी झोप येते.

"आणि काल जेवायला काय मागवलंस?" रिदवानभाऊंनी विचारलं.

"मासे." नेवझातचा चेहरा उतरला. "मला मासे आवडत नाहीत, दाजी."

रिदवानभाऊंनी हॉटेलवरच्या मेहुण्यांना बॅगा भरायला सांगण्यासाठी फोन काढला. मी हातापाया पडलो. म्हटलं, बोका स्वतःच उपटतो, डोळ्यांनी बघा. उशी काढली. सगळे सोफ्याभोवती बसलो. शुक्रानताईंनी चहा आणला. एवढी मंडळी आपल्यालाच बघायला आलीत म्हटल्यावर जावयानं पाय ताणले आणि तो झोपला. चहा संपला. दुसरा चहा संपला. रिदवानभाऊ आता माझ्याकडे फौजदारासारखे बघू लागले.

तेवढ्यात डॉक्टर बाहेर आले. ती सभा पाहून ते माझ्यावर जे सुटले, ते माझ्या अकलेपासून निघून माझ्या शाळेपर्यंत पोचले. जावई ताडकन उठला, खसाखसा पोट चाटू लागला आणि केसांचा एक झुबका त्यानं गालिच्यावर थुंकला.

डॉक्टर गप्प झाले. जावई थांबला.

रिदवानभाऊ पुढे झुकले. "डॉक्टर, पुन्हा ओरडा बघू."

"कुणावर?"

"ह्याच्यावरच."

डॉक्टर ओरडले, जावयानं चाटलं. खात्रीसाठी शुक्रानताईंवर ओरडा म्हटलं, तर डॉक्टरांनी ताईंकडे एकदा बघितलं आणि त्याची आवश्यकता नाही म्हणाले. मग नेवझातनं ओरडून बघितलं. रिदवानभाऊंनीही हौस भागवून घेतली. हे सगळं माझ्यावर, हे वेगळं सांगत नाही.

मंडळींची शंका फिटली, सगळ्यांची डोकी झाली. अट एकच, ऑपरेशन चालू असताना डॉक्टरांनी आवाज चढवायचा नाही. मला नोकरीत कायम केलं. निलग्युनबाईंनी जावयाला उपचार सांगितले. शांत खोली, हीटरजवळ गादी, ठरल्या वेळी जेवण, रोज थोडा वेळ त्याच्याशी खेळणं, आणि त्याच्यासमोर ओरडणं बंद. खोली माझी दिली, दवाखान्यातच मी राहतो ती. ओरडायला डॉक्टर मला आता जिन्यात नेतात. तिथे आवाज छान घुमतो.

जावयाचं पोट मखमलीसारखं भरलं. परवा शुक्रानताई चहा ठेवता ठेवता माझ्या मागे थबकल्या आणि त्यांनी विचारलं, "काय रे, तू पण चाटतोस का?"

सबब डॉक्टर फेर्रुह यांच्या सेवेशी विनंती अर्ज सादर. अर्जदाराच्या डोक्याच्या मागील भागी टक्कल पडत असून त्याचे कारण ताण हेच आहे. तरी अर्जदारास हीटरजवळ गादी, ठरल्या वेळी जेवण व रोज थोडा वेळ खेळावयास कोणीतरी, एवढे त्वरित मंजूर व्हावे. पाठीवरून हात फिरविण्याबाबतचा निर्णय अर्जदार कार्यालयावर सोपवीत आहे.