खाजगी टक्कल

"तुमचा विग मिळाला. बसलाय झकास," फोनवरचा कारकून म्हणाला, "पण खोक्यात आमच्या साहेबांचं टक्कल पण आलंय. ते कशाबरोबर लावायचं?"

विगवाल्याला आधी वाटलं, माणूस चावट आहे. पण कारकून पुढे वाचूनच दाखवू लागला. साहेबांचं नाव, पत्ता, डोक्याचा घेर, वरून काढलेला फोटो. आणि शेवटी, ‘विग का हवा आहे?’ या प्रश्नाला साहेबांनी स्वतःच्या हाताने टाइप केलेलं उत्तर: ‘ऑफिसात आपला दरारा कमी होत चालला आहे.’

विगवाल्याने वाकून टेबलाखाली पाहिलं.

घरातल्या मागच्या खोलीत हा ऑनलाइन धंदा चालत असे. फळीवर थर्माकोलची डोकी, टेबलावर डिंकाच्या ट्यूबा, खिडकीपाशी बायको जाळीत केस ओवत बसलेली. वेबसाइटवर मोठ्या अक्षरात वचन होतं: ‘आपली माहिती तिजोरीत ठेवल्यासारखी सुरक्षित.’ तिजोरी कुठली? टेबलाखाली एक खोकं होतं. ऑर्डर आली की विगवाला ती छापून काढी, विग झाला की कागद त्या खोक्यात. पाठकोरा कागद टाकून द्यायला हात धजत नसे. मग पार्सल भरताना विग दबू नये म्हणून त्याच कागदांचे बोळे करून चारी बाजूंनी कोंबायचे. खोक्यावर पाठवणाऱ्याचं नावसुद्धा छापलेलं नसे, इतकी गुप्तता! आत मात्र दुसऱ्याची सगळी कुंडली.

गोपनीयतेचं धोरण त्याने एका हॉटेलच्या वेबसाइटवरून जसंच्या तसं उचललं होतं. ते त्याने वाचलं नव्हतं आणि ग्राहकांनीही वाचलं नव्हतं. नाहीतर पोहण्याच्या तलावापाशी कॅमेरे आहेत, ही सूचना विगच्या दुकानात कशाला, असं कोणीतरी विचारलंच असतं. आणि ‘विग का हवा आहे?’ हे कळून धंद्याला काय फायदा? काडीचा नाही. शेजाऱ्याकडे कोण आलं हे बघायला आपण दार किलकिलं करतो ना, तसला हा प्रश्न. आपली खोड जात नाही, फक्त आता तिला रकाना मिळालाय.

"भाऊ, तो कागद जाळून टाका," विगवाला काकुळतीला आला.

"साहेबांना जाळू? मनात तर फार दिवसांपासून आहे." कारकून पोटभर हसला आणि एकदम थांबला. "एक मिनिट. मग माझा कागद कोणाच्या खोक्यात गेला?"

विगवाल्याने फोन ठेवला. त्याचा स्वतःचा विगही घामाने सरकला होता. तो विग तो आंघोळ आणि झोप सोडली तर कधीच काढत नसे. "अगं, डोक्यावर काही नाही हे ठाऊक होतं," तो बायकोला म्हणाला, "आतही काही नाही, हे आज कळलं."

"मला लग्नातच कळलं होतं," बायको म्हणाली. पण तिचा चेहरा उतरला होता. या धंद्यासाठी तिने शिवणाच्या कारखान्यातली नोकरी सोडली होती. धंदा बुडाला तर तिथल्या मुकादमासमोर पुन्हा तीच उभी राहणार होती, विगवाला नव्हे. "अहो, आता एकेकाला फोन करा. माफी मागा."

"एवढ्या लोकांना? त्यापेक्षा सगळ्यांना एकदम कळवतो."

आणि त्याने फोनवर ग्रुप काढला. नाव दिलं ‘विग परिवार’. झाडून सगळे ग्राहक आत घातले आणि लिहिलं: ‘आपली ओळख कोणालाही कळू नये यासाठी आम्ही कटिबद्ध आहोत.’

पहिला मेसेज आला तो कारकुनाचा, जणू त्याला काही ठाऊकच नव्हतं.

‘साहेब, तुम्ही पण?’

‘तू इथे काय करतोस?’

‘तुम्ही करता तेच.’

मग पाऊस पडला मेसेजांचा. कोणाला ग्रुपमध्ये व्याही सापडला, कोणाला घरमालक. ‘हा नंबर तर आमच्या दातांच्या डॉक्टरांचा!’ असं एकाने जाहीर केलं. शरमेने जो बाहेर पडे, त्याच्या जाण्याचीही दवंडी नावासकट पिटली जाई.

"बंद करा तो ग्रुप!" बायको ओरडली.

विगवाल्याने घाईघाईने बटण दाबलं. तो स्वतः बाहेर पडला. ग्रुप मात्र तसाच चालू राहिला, आणि त्याची सगळी सूत्रं साहेबांच्या हाती गेली.

दुसऱ्या दिवसापासून ऑर्डरी रद्द होऊ लागल्या. एकूणएक. बायकोने मुकाट्याने कारखान्यातल्या मैत्रिणीचा नंबर शोधायला घेतला. कोर्टाची नोटीस आज येते की उद्या, या विचाराने विगवाल्याला पाणी गोड लागेना. शेवटी धीर करून त्याने कारकुनाला फोन लावला.

"भाऊ, लोक फार चिडलेत का हो?"

"चिडलेले पहिले दोन दिवस. उद्या बागेत भेटायचं ठरलंय, विग घरी ठेवून. साहेबांनी तर उन्हातला फोटो टाकलाय, डोकं असं चकाकतंय! आता सगळ्यांना सगळं कळलंय, मग खाज कशाला सोसायची?"

विगवाल्याच्या डोक्यात प्रकाश पडला, पण उशिरा. लाच उजळ माथ्याने घ्यायची आणि टक्कल तेवढं झाकायचं, अशा जगात तो केस विकतो आहे असं समजत होता. विकत होता तो लाज. तीच त्याने फुकट वाटून संपवली होती.

"पण तुमच्याकडे एक काम आहे," कारकून म्हणाला. "ऊन लागतंय. वहिनी शिवणकाम करतात ना? सगळ्यांसाठी टोप्या हव्यात. पुढे नाव, मागे फोन नंबर. ठळक भरतकामात. म्हणजे गर्दीत एकमेकांना ओळखता येईल."

"नाव? नंबर? उघड?" विगवाला किंचाळला. "तुमची लेखी परवानगी लागेल! प्रत्येकाची! सहीनिशी!"

"आधी आमचे बोळे केलेत, तेव्हा सही मागितली होती?"

बायकोने फोन त्याच्या हातातून ओढून घेतला आणि मापं विचारायला सुरुवात केली. तिचा आवाज कितीतरी दिवसांनी मोकळा झाला होता. कारखान्यातल्या मैत्रिणीला तिने फोन केला खरा, पण तो हाताखाली कामाला येतेस का, हे विचारायला.

संध्याकाळपर्यंत टोप्यांचा ढीग पडला. एक टोपी हातात धरून बायकोने नवऱ्याकडे पाहिलं.

"साहेब तुम्हालाही बागेत बोलावतायत. तुमच्या टोपीवर नाव भरू ना?"

विगवाल्याने दोन्ही हातांनी विग घट्ट दाबून धरला.

"वेडी आहेस का? लोकांना कळेल ना!"