न काढलेल्या केराची हकीकत

श्रीगजानन प्रसन्न. वाग्देवीचे चरणीं मस्तक ठेवून लेखनास आरंभ केला ऐसा जे, शके एकोणीसशें एकतीस, विरोधी नाम संवत्सर, कार्तिक मास, शुद्ध पक्ष, ते समयीं सह्याद्रीचे पूर्वेस नांदणाऱ्या एका राज्यांत, राजवाड्याचे मोठे चौकांत, दोन चित्रपटांचा निवाडा जाहला, त्याची हकीकत यथामति लिहितों. राज्याचें नांव लिहावयाची आज्ञा नाहीं.

त्या राज्याचे चित्रशाळेचे अधिपती विसाजीपंत हर्डीकर. मोठे नेमस्त, शब्दाचे चोख, वादांत हार ठाऊक नाहीं ऐसे पुरुष. पंतांनीं ऐन उमेदीचीं वर्षें घालवून स्वराज्याचा चित्रपट सिद्ध केला होता. पागोट्याचा पीळ कोणे पेठेंत कसा, पिठल्यास फोडणी कोणे गांवीं लसणाची आणि कोणे गांवीं नुसत्या हिंगाची, हें सर्व त्यांत यथास्थित होतें. मग चित्रपट लागला, आणि प्रेक्षागृहांत पंत, पंतांचें कुटुंब भागीरथीबाई, आणि पंख्याखालीं झोंप घ्यावयास आलेले दोन गृहस्थ, येवढी सभा भरली. मग चित्रपट उतरला. पंत म्हणाले, "लोकांस अजून दृष्टि यावयाची आहे," आणि दृष्टि येण्याची वाट पाहत राहिले. पुढें पंतांचे एकुलते चिरंजीव त्रिंबक विद्याभ्यासार्थ विलायतेस गेले, ते दिवशीं भागीरथीबाईंनीं घरांत केरसुणीस हात लाविला नाहीं. पंतांस टापटिपीची आवड. त्यांनीं ओसरीवरील धुळींत बोटानें आपलें नांव लिहून दाखविलें. बाई म्हणाल्या, "असूं दे धूळ. लेकरू वाटेंत आहे. पोहोंचल्याचा निरोप येऊं दे, मग झाडीन." पंत कुरकुरले आणि धोतर सांवरून आंत गेले.

ऐशांत सातासमुद्रांपलीकडून डंकणसाहेब नामें टोपीकर चित्रपट करावयास आले. पावसाळा सरतां आले आणि थंडी पडतां गेले. दरबारानें पंतांस साहेबाचे दिमतीस दिलें, म्हणजे जखमेवर मीठ आपलेच हातें चोळून घेणें आलें. साहेबांनीं भाजीबाजारांत हत्ती उभा केला, टपालकचेरींत नाग सोडला, आभाळ फार निळें दिसतें म्हणून चित्रयंत्राचे कांचेवर पिवळा रंग चढविला, आणि विहिरीवर पाणी भरणाऱ्या बायकांस शालू नेसविले. पंत म्हणाले, "साहेब, शालू नेसून घागर कोणी उचलीत नाहीं." साहेब म्हणाले, "पंत, तुमचा देश फार सुंदर आहे," आणि पंतांच्या पाठीवर थाप मारिली. पंतांनीं उपरण्यानें पाठ झाडली आणि मनांत म्हणाले, करूं द्यावें, जगांत हंसें होईल तें याचेंच होईल.

आणि एके दिवशीं साहेबांनीं आईचा प्रसंग मांडिला. मुलगा परदेशीं निघतो, आई हातावर दहीं घालते, मुलगा उंबरा ओलांडतो आणि आई अंगण झाडूं लागते, ऐसें कथेंत होतें. आईचें काम करावयास विलायतेचीच नटी, तोंडास तपकिरी लेप लाविलेला. तिचे हातीं केरसुणी दिली. तिनें जन्मांत दांड्याविना केरसुणी पाहिली नव्हती. तिनें ती प्रथम शेंड्याकडून धरिली, मग बुडख्याकडून धरिली, वांकावें कसें हें उमजेना, तेव्हां केरसुणी तशीच हातांत ठेवून दाराकडे पाहत उभी राहिली, कीं कोणी तरी सांगावें. साहेब "वाहवा" म्हणून ओरडले. पंतांनीं उपरणें तोंडांत कोंबलें तरी हंसूं आवरेना. घरीं येऊन दोन घांस जास्त जेवले.

मग चित्रपट विलायतेंत लागला, आणि विपरीत वर्तलें. साहेबास सुवर्णाचा पुतळा बक्षीस मिळाला. आखबारनवीसांनीं लिहिलें कीं, हें राज्य आजवर कोणीं पाहिलेंच नव्हतें, तें साहेबांनीं दाखविलें. हें वाचून राज्यांतील लोकांसही वाटूं लागलें कीं आपण स्वतःस आजच पाहिलें. भाजीवाल्यांनीं वर्गणी काढून हत्ती आणिला. कारभारी सखोपंत पेढ्यांचा पुडा घेऊन पंतांचे घरीं आले आणि म्हणाले, "पंत, तोंड गोड करा. आपलें राज्य गाजलें."

"राज्य गाजलें कीं साहेब गाजला?"

"तो गाजला म्हणून आपण गाजलों."

"कारभारी, टपालकचेरींत नाग कधीं पाहिलात?"

"नाग नाहीं पाहिला. तेथले कारकून पाहिले आहेत. साहेबांनीं फारसें वाढवून सांगितलें नाहीं. घ्या, पेढा घ्या."

पंतांनीं पेढा घेतला, तो कडू लागला. रात्रंदिवस एकच विचार, कीं चार दिवसांचा पाहुणा येतो आणि आमचें घर आम्हांस दाखवून बिदागी नेतो, आणि आम्हीं जन्म घालविला त्याचें नांव कोणी घेत नाहीं. त्यांत दरबारीं ठराव जाहला कीं, राज्याचा म्हणून एकच चित्रपट खजिन्यांत ठेवावा, दसऱ्यास पाहुण्यांस तोच दाखवावा, आणि दुसरा अडगळीचे कोठींत टाकावा. हें ऐकतां पंत उठले आणि थेट महाराजांच्या मातुश्री आईसाहेबांपाशीं गेले. म्हणाले, "दोन्ही चित्रपट एके दिवशीं, एके चौकांत, साहेबासमक्ष दाखवावे. मग आमचा कोठींत टाकावा लागला तर मीच उचलून नेईन." आईसाहेब म्हणाल्या, "पंत, तुम्हांशीं वाद घालण्यापेक्षां दोन चित्रपट पाहणें सोपें." आणि आज्ञा जाहली.

मुक्रर दिवशीं चौक माणसांनीं फुलून गेला. साहेबही निमंत्रणावरून आले. प्रथम पंतांचा चित्रपट लाविला. पागोटीं बिनचूक, फोडण्या बिनचूक, लोक माना डोलावूं लागले, आणि पंतांस वाटलें कीं दृष्टि आली. मग त्यांतही मुलगा परगांवीं निघाल्याचा प्रसंग आला. सूर्य उगवतां मुलानें उंबरा ओलांडिला, आणि आईनें पदर खोंवून तत्काळ केरसुणी घेतली आणि कोंपऱ्यापासून कोंपऱ्यापर्यंत झाडूं लागली. सूर्योदयीं केर काढावा हा गृहस्थाचा नेम, आणि पंतांचा सूर्योदय कधीं चुकला नव्हता. परंतु चिकाच्या पडद्याआडून "अगं बाई!" ऐसें उमटलें. आईसाहेब म्हणाल्या, "पोर अजून वेशीपाशीं नाहीं पोहोंचलें आणि हिनें केर काढिला? ही आई कीं सावत्र आई?" चौकांत हंशा पिकला. पंतांनीं मागें वळून पाहिलें नाहीं.

मग साहेबाचा चित्रपट लाविला. हत्तीस लोक हंसले, नागास हंसले, शालूंस तर फारच हंसले. पंत प्रत्येक हंशास मान हलवून दुजोरा देत होते. तों तो प्रसंग आला. मुलगा गेला, आणि आई हातीं केरसुणी घेऊन दाराकडे पाहत उभी राहिली, झाडीना. चौकांतला हंशा थांबला. बायांनीं डोळ्यांस पदर लाविले. कारभाऱ्यांनीं नाक शिंकरलें. तेव्हां पंतांस राहवेना, ते भर सभेंत उभे राहून म्हणाले, "आईसाहेब, फसगत आहे! ही कळवळून उभी नाहीं. हिला केरसुणी धरतां येत नव्हती! मी समक्ष होतों, साहेबास विचारा!" साहेबांनीं मोकळेपणें मान डोलावली. आईसाहेब म्हणाल्या, "पंत, खालीं बसा. मुलगा पोहोंचतो कीं नाहीं तें पाहूं द्या." आणि पंत बसले. आणि साहेबाचा चित्रपट खजिन्यांत गेला, आणि पंतांनीं शब्दास जागून आपला स्वहस्तें कोठींत ठेविला.

दुसरे दिवशीं साहेब निरोप घ्यावयास पंतांचे घरीं आले. भागीरथीबाईंनीं पुरणपोळी वाढली, निघतांना हातावर दहीं घातलें, आणि साहेबांनीं तें जिभेनें चाटून दोन्ही हात जोडिले. मोटार गल्लीच्या वळणास गेली नाहीं तों पंत ताडकन् आंत गेले, आणि उभ्या जन्मांत केरसुणीस न शिवलेला तो पुरुष केरसुणी घेऊन अंगणांत आला.

"अहो, हें काय आरंभिलें?"

"केर काढतों."

"पाहुणा आतां तर गेला."

"म्हणूनच काढतों. पुन्हा या उंबऱ्यास पाय लागावयास नको."

"त्यालाही कुठें आई असेल हो. आणि आपला त्रिंबक त्यांच्याच मुलखांत कोणाच्या तरी घरीं उतरला आहे. त्याच्यामागें कोणीं असा केर काढिला तर?"

पंत वांकले होते ते सरळ जाहले. झाडवेना, आणि केरसुणी खालींही ठेववेना. मग ती तशीच हातांत घेऊन रस्त्याकडे पाहत उभे राहिले. सारांश, पंतांचा मत्सर गेला नाहीं, साहेबाचा पुतळाही कोणीं परत घेतला नाहीं, परंतु ते दिवशीं त्या घरीं केर निघाला नाहीं. भागीरथीबाईंनीं उंबऱ्यावरून पंतांकडे पाहिलें. मग म्हणाल्या, "आपला चित्रपट वाईट नव्हता. त्यांत येवढेंच नव्हतें."