साच्यातला होकार

संध्याकाळी गाण्याच्या मास्तरांनी दातांवर साचे चढवले आणि खिडकीजवळच्या खुर्चीत डोळे मिटले. घशाला रेडिएशन देऊन आजार हटला होता, पण जाताजाता तोंडातली लाळही घेऊन गेला होता. "लाळ नाही म्हणजे दात-हिरड्यांना राखणदार नाही," दातांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. "रोज साच्यात फ्लोराइडची जेल भरून दहा मिनिटं बसायचं. बोलायचं नाही, गिळायचं नाही. नंतर अर्धा तास पाणीसुद्धा नाही."

मास्तरांना ही दहा मिनिटं फार आवडायची. पडदा हळूच फुगायचा, उजेड भिंतीवरून उतरत जायचा आणि त्या उजेडात ते पूर्वीसारखे गात असायचे. खरंखुरं गायचं मात्र धाडस होत नव्हतं. कोरड्या तोंडातून सूर फाटला तर, या धास्तीनं त्यांनी क्लासही बंद ठेवला होता.

आज नेमकी त्याच वेळी थोरली शिष्या दारात उभी राहिली. "मास्तर, रविवारी क्लासचा कार्यक्रम ठरवलाय. शेवटचं गाणं तुम्ही म्हणाल ना?"

मास्तर खाडकन स्वप्नातून बाहेर आले. त्यांना म्हणायचं होतं 'अंहं'. पण 'अं' साच्यातच अडकला आणि बाहेर पडला नुसता 'हं'.

"हो म्हणताहेत," बायको म्हणाली.

मास्तरांनी जोरजोरात मान हलवली.

"बघ, मान डोलवताहेत. मनात गाणं सुरूसुद्धा झालं."

त्यांनी घाबरून दोन्ही हात वर केले.

"वरच्या पट्टीत गाणार म्हणे."

मास्तर उठायला गेले तशी जेल हनुवटीवर ओघळली.

"अगं बाई, गाण्याचं नाव काढताच तोंडाला पाणी सुटलं."

"काकू, मी सगळ्यांना कळवतेच," म्हणत शिष्या फोन कानाला लावून जिना उतरलीसुद्धा.

मास्तरांनी बेसिनपाशी जाऊन साचे काढले, थुंकले आणि ओरडले, "मी नाही म्हणत होतो. ना-ही!"

तो 'ही' लांबला, थोडा थरथरला आणि अलगद सुरावर जाऊन टेकला. मास्तर स्वतःच थबकले.

"मध्येच तोंड कोरडं पडलं तर?" ते हळूच म्हणाले.

"मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी बसेन. दोन ओळींमध्ये एक घोट घ्यायचा."

"तुला खरंच माझं 'नाही' कळलं नाही?"

"इतकी वर्षं ऐकतेय, न कळायला काय झालं?" ती साचे धुवायला घेत म्हणाली. "पण घर अगदी मुकं झालंय हो. मला नाही सोसत."

"म्हणून खोटं सांगितलंस?"

"गप्प बसायला डॉक्टरीणबाईंनी तुम्हाला सांगितलंय. मला नाही."