पहिलं पाणी सोडून द्या

आमच्या शेजारच्या टिळेकरभाऊजींकडे पाणी मागायचं तर अर्धा तास हाताशी ठेवून जावं लागे. भाऊजी अंगणातल्या हापशाचा दांडा धरायचे आणि मोठ्यानं आकडे मोजत हापसत सुटायचे. दीडशेच्या पुढे गेल्याशिवाय पेला म्हणून धरायचे नाहीत. पाहुणा तहानेनं मेला तरी चालेल! "वहिनी, पहिलं पाणी खोटं बोलतं. पाइपात साचलेलं असतं ते. ते निघू द्या, मग जमिनीतलं खरं येतं."

जमिनीखालचं पाणी तपासणाऱ्या सरकारी खात्यात होते ते. स्कूटरच्या मागे बर्फाची पेटी, पेटीत चिठ्ठ्या लावलेल्या बाटल्या. गाझियाबादच्या आमच्या नव्या कॉलनीतल्या बायका कुल्फीवाला समजून हाक मारायच्या, "भैया, मलाईवाली है क्या?" भाऊजी स्कूटर थांबवून, अगदी गंभीरपणे, बाटलीवरची चिठ्ठी वाचून दाखवायचे. गाव, बोअरची खोली, वेळ, वास. बायका पदर तोंडाला लावून पळायच्या.

कॉलनीत तेव्हा नळ आला नव्हता. दिल्लीत घर घेणं झेपेना म्हणून आम्ही सगळे इकडे आलेलो. प्रत्येकाच्या अंगणात हापसा, आणि कॉलनीच्या मागे महिन्याला एक नवी शेड. देश खुला झाला म्हणे, कारखाने आले. त्यातल्या एकात लोखंडावर मुलामा चढवायचे आणि उरलेलं पाणी मागच्या खड्ड्यात सोडून मोकळे व्हायचे.

माणसांनाही भाऊजींचा तोच नियम. कुणी तक्रार घेऊन आलं की पहिलं बोलणं ऐकायचेच नाहीत. "हे साचलेलं. पुन्हा सांगाल तेव्हा बघू." आमच्या ह्यांनी त्यांच्याकडे आपलीच शिडी परत मागितली, ती तिसऱ्या खेपेला मिळाली. मी सुमनताईंना, त्यांच्या बायकोला, म्हटलं, "कशा हो नांदता या माणसाबरोबर?" त्या हसल्या. "मी काही मागतच नाही."

त्या बाईच्या दोन्ही किडन्या गेल्या. वर्षभर हॉस्पिटलच्या खेपा, आणि मग एका सकाळी सगळंच संपलं. पाण्यामुळेच झालं असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले.

तेरावं झाल्यावर भाऊजींनी पहिल्यांदा घरच्या हापशाचं पाणी बाटलीत भरलं. अख्ख्या जिल्ह्याचं पाणी तपासणारा माणूस, आणि घरचं कधी तपासलं नव्हतं! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. मुलाम्याचं विष निघालं, क्रोमियम, मर्यादेच्या कितीतरी वर. रिपोर्ट आला त्याच संध्याकाळी त्यांनी आमच्या हापशाचा दांडा काढून नेला. मी तणतणले, नाही नाही ते बोलले. जीभ झडायला हवी होती माझी.

स्वतःच्या हापशाचा दांडा मात्र ठेवला. रोज सकाळी हापसायचं, मोजायचं, बाटली भरायची, चिठ्ठी लावायची. रोज.

एकदा मी चहा घेऊन गेले, तर आकडा चारशेवर गेलेला. सदरा घामानं चिंब. मला बघवेना.

"पुरे करा हो भाऊजी! रिपोर्ट आला ना? आता आणखी काय निघायचंय?"

"अजून साचलेलंच असेल, वहिनी. अजून थोडं काढलं तर..." दांडा धरून तसेच उभे राहिले. मग म्हणाले, "दुखणं यायच्या आधी सुमन एकदा म्हणाली होती. पाण्याला हल्ली तुरट चव येते हो, म्हणाली."

"मग?"

"मी म्हटलं, पहिलं पाणी. पुन्हा सांगशील तेव्हा बघू."

चहा माझ्या हातातच राहिला.

"ती पुन्हा म्हणालीच नाही, वहिनी."

भाऊजींनी पाठ फिरवली आणि दांडा खाली दाबला. "चारशे बारा." पाणी आलं. नितळ, गार, कुणालाही ओंजळ धरावीशी वाटेल असं.