कीथची एलपी आणि आमची खंडेनवमी

मी गिटार फर्स्टक्लास वाजवतो. हे माझंच मत आहे, पण आमच्या वेंटवर्थव्हिलच्या गणेशोत्सवात लोकांनी टाळ्याही वाजवल्यात! त्यामुळे शेजारच्या कीथच्या बँडमध्ये जागा रिकामी झाल्याचं कळताच मी छाती काढून त्याच्या दारात उभा राहिलो. कीथ आणि त्याचे दोन मित्र, तिघंही सत्तरीपार, दर रविवारी क्लबात साठच्या दशकातल्या एका ब्रिटिश बँडच्या ट्यून्स वाजवतात. गाणारं कुणी नाही, नुसत्या गिटारी.

कीथने त्या बँडची अगदी सुरुवातीची एलपी रेकॉर्ड आणि आपला रेकॉर्ड प्लेअर माझ्या हवाली केला. "मेट, आम्ही तिघं हिच्यावरूनच शिकलो. पहिली ट्यून बसव, रविवारी ऑडिशन. आणि हिला जप," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी आहे हे मी साफ विसरलो! साताऱ्याहून आलेल्या सासूबाई कशाला विसरतील? मी वेस्टमीडच्या हॉस्पिटलातली शिफ्ट संपवून आलो, तर सुऱ्या, मिक्सर, माझ्या बायकोचा, मयूराचा लॅपटॉप, माझी गिटार असं सगळं पूजेला मांडलेलं. शेजारी कव्हरातून काढलेली कीथची एलपी. तिच्यावर ओल्या कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक, हळद, अक्षता आणि झेंडूचं फूल.



"यतिनराव, तुमचं बँडचं काम व्हायचंय ना, म्हणून हिचीही पूजा केली हो," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

जावयाने यावर काय बोलायचं? मी "छान" म्हणालो, एलपी उचलली आणि बाथरूमला कडी लावली. कोमट पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि लेकीचा मऊ टूथब्रश! माझं पोट बिघडलं असं वाटून मयूरा बाहेरून ओवा देऊ का विचारत होती. कुंकू निघालं, हळद निघाली, कुठल्या जमान्यातला एक काळा चिकट कणही निघाला. लावून बघतो तर आवाज खणखणीत! जीव भांड्यात पडला. मग रोज घोटून घोटून ट्यून बसवली.

रविवारी सुरुवात झकास झाली. पण मध्येच ते तिघं एक अख्खा तुकडा गाळून पुढे पळाले. त्यांचं वाजवून संपलं तरी माझी गिटार एकटीच चाललेली. गेली जागा, म्हटलं!

 मी परत आणलेली एलपी कीथने तिथेच प्लेअरवर लावली. तो तुकडा आला तसे तिघं एकमेकांकडे बघायला लागले.

"इथली उडी कुठे गेली?" कीथने विचारलं.

म्हणजे इतकी वर्षं सुई त्या कणावरून उडी मारत होती आणि हे तिघं उडीसकट शिकले होते! मी कुंकवापासून टूथब्रशपर्यंत सगळं सांगून टाकलं. तिघं डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मलाही हसू आवरेना. मग भीत भीत जागेचं विचारलं.

"तू बरोबर वाजवलंस," कीथ डोळे पुसत म्हणाला, "पण आम्ही जन्मभर चुकीचं वाजवलंय आणि क्लबाला तेच आवडतं. चूक बसवून ये, जागा तुझी. नो वरीज."

तेव्हापासून रोज रियाज चाललाय. पण काय सांगू, दर वेळी बरोबरच वाजतंय हो!