दोन करवंट्या आणि एक सुपारी

आमचे शेजारी सुर्वे सर भेटल्यावर ‘कसा आहेस’ विचारत नाहीत. ‘कुठे दुखतंय काय?’ विचारतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. दुखत असेल तर मात्र खुर्ची मिळते आणि चौकशी सुरू होते. ठणका की कळ? ठसठस की चमक? एकदा मी नुसतं ‘पाठ धरलीय’ म्हणालो, तर खेकसले, “नीट सांग मेल्या. मोघम दुखण्याला औषध नसतं.”

कॉलेजात रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून सर दुखण्यावरचं नवं औषध रचत होते. रत्नागिरीत, पडवीत बसून. सुपारी म्हणजे कार्बन, कोकमाची बी म्हणजे नायट्रोजन. केरसुणीचे हीर टोचून त्यांचे रेणू व्हायचे. समोर आतून कोरलेल्या दोन करवंट्या.

“ही दुखण्याची, ही झोपेची. शरीरात अशा खोबणी असतात, त्यांना रिसेप्टर म्हणायचं. औषध पहिलीत बसलं पाहिजे, दुसरीत शिरता कामा नये. आताच्या गोळ्या दोन्हीकडे शिरतात. आगाऊ आहेत.”

सरांचे रेणूही तितकेच आगाऊ होते.

बोलायला लागले की सरांना वेळेचं भान नसे. फक्त दिवेलागण झाली की वाक्य अर्धवट टाकून मोठी जांभई देत आणि झोपायला जात. कोंबड्यांबरोबर झोपणारा शास्त्रज्ञ म्हणून आळीत त्यांची टवाळी चाले. त्यांच्या पत्नी, माई, गालाला पदर दाबून हसायच्या.

एका श्रावणात त्यांच्याकडे सत्यनारायण होता. घरातल्या साऱ्या सुपाऱ्या रेणूंत गेलेल्या. भटजींनी एका रेणूतली सुपारी उपटली आणि चौरंगावर मांडली. सर पूजेवरून उठले.

“भटजी, ती जागेवर होती.”

“देवाला लागली हो.”

सरांनी चिडून उरलेला रेणू करवंटीत आपटला, तर तो पहिलीत चपखल बसला. दुसरीत काही केल्या शिरेना. सर भटजींच्या पाया पडले आणि सोवळ्यातच एसटीडी बूथकडे धावले. त्यांचा एक विद्यार्थी मुंबईच्या औषध कंपनीत होता.

तो दिवाळीत आला. “कॉम्प्युटरवरही बसतंय, सर. आता बनवायचं, उंदरांवर बघायचं, मग माणसांवर. दहा-पंधरा वर्षं धरा.”

“एवढी?” सर म्हणाले. विद्यार्थी गेला. दिवेलागणीला सर जांभई देऊन आत गेले.

कपबशा उचलताना माई म्हणाल्या, “हे सगळं माझ्यापायी रे. या गालातून कळ येते. गोळीने ती जाते, पण मी लगेच झोपते. हे जागे असेपर्यंत मी घेतच नाही. एकटे कुणाशी बोलतील? बरं तर बरं, लवकर झोपतात.”

घरी जेवण झाल्यावर आठवलं, बॅटरी त्यांच्या पडवीत राहिली. परत गेलो तर सर करवंट्या पुढ्यात घेऊन बसलेले. डोळे टक्क उघडे.

“झोपली ती,” ते कुजबुजले. “मी जागा दिसलो तर गोळी घेत नाही. बस जरा. कुठे दुखतंय काय?”

मी हो म्हणालो. कुठे, ते मात्र मला नीट सांगता येईना.