गंगाधरअण्णा आणि दोन परके साक्षीदार

आमच्या बोरीत गंगाधरअण्णांना "मी बरा आहे" असं सांगितलं, तरी ते विचारायचे, "सबूत?"

वाचनालयाच्या भिंतीवर त्यांनी फळा करून घेतला होता. 'गावची माणसं' असं वर लिहिलेलं. कुणीही यावं, खडू घ्यावा अन् गावातल्या माणसाची माहिती लिहावी. अट एकच, दोन साक्षीदार पाहिजेत, अन् घरचं माणूस साक्षीला चालत नाही. साक्ष नसली की अण्णा ओल्या फडक्यानं पुसून मोकळे.

अर्धं गाव एक जूनला जन्मलेलं, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी सरसकट तीच तारीख टाकलेली. अण्णांनी सगळ्यांचे जन्म पुसले. माझाही. मी म्हणालो, आईला विचारा. तर म्हणे, आई घरची. मग सुईण? ती एकच झाली, दुसरी कोण? आता मी जन्मत असताना परकं माणूस कशाला बघत बसेल, तुम्हीच सांगा.

विद्यापीठाचं नामांतर झालं त्याच साली चंद्रकलाकाकू, अण्णांच्या मंडळी, गेल्या. तेराव्यानंतर अण्णांनी फळ्यावर त्यांचं नाव लिहिलं अन् खडू अडला. नवरा पडला घरचा, त्याची साक्ष कशी चालणार? उभेच राहिले बिचारे. मला लय वाईट वाटलं.

तेवढ्यात शेळ्या घेऊन चाललेली सखूबाई थांबली. "लय गोड गायच्या, ते लिवा."

अण्णा गोंधळले. "कोण? आमची?"

मी म्हणालो, खरंय. माझी भिंत तुमच्या भिंतीला लागून. गिरणी येईपर्यंत पहाटे जात्यावर रोज गायच्या. तुम्ही उठून खोकलात की थांबायच्या.

"का बरं?"

मी सखूबाईकडं बघितलं. तिनं सांगून टाकलं. "दळाया मी जोडीला बसायची. ओवीत तुमचंच नाव घालायच्या. तुमी सबूत मागताल म्हणून गप बसायच्या."

अण्णांनी फडकं खाली ठेवलं. साक्षीदार दोन, दोघंही परके. 'गोड गायची,' त्यांनी लिहिलं. मग मला म्हणाले, एखादी ओवी येते का?

मला सूर नाही, अन् मधले शब्द मीच जुळवले. अण्णांनी एकदाही सबूत मागितला नाही. नुसतं म्हणाले, "अजून एकदा म्हण."